उभ्यानं खाल्लेलं मोजत नाहीत

पुण्यात सदाशिव पेठेतल्या किंवा कर्वेनगरातल्या कुठल्याही मेसमध्ये दुपारी एक वाजता गेलात, तर डाएटवाला ओळखायला त्याच्या पोटाकडे बघावं लागत नाही. तो आवाजावरून ओळखू येतो. बाकीची पोरं ‘काकू, पोळी’ एवढंच म्हणतात. डाएटवाला ‘काकू, पोळी नको’ असं म्हणतो, आणि तेही पलीकडच्या टेबलाला ऐकू जाईल अशा बेतानं. काकूंच्या अनुभवात पोळी नाकारण्याची कारणं दोनच, पोट बिघडणं किंवा बाहेर खाऊन येणं. म्हणून त्या काळजीनं विचारतात, ‘पोट बिघडलंय का रे?’ तो म्हणतो, ‘नाही काकू, कार्ब्स बंद केलेत.’ काकू आमटीचं भांडं घेऊन पुढे सरकतात, कारण कार्ब्स त्यांनी आज केलेलेच नसतात. खोलीवर परतल्यावर हा गडी रूम पार्टनरला आपण सकाळपासून काय काय खाल्लं नाही याची यादी ऐकवतो. कॉट बेसिसवर राहणाऱ्या पार्टनरला उठून जायला दुसरी जागा नसते. तीन महिन्यांनी मात्र डाएटवाल्याच्या पँटचं बटण पूर्वी जितकं कष्टानं लागायचं तितक्याच कष्टानं लागत असतं. (सोयीसाठी ‘तो’ म्हणतो आहे. हा प्राणी मुलींच्या होस्टेलमध्येही तितकाच आढळतो, फक्त तिथे काकूंना आवाज कमी ऐकू येतो.)

हा माणूस आळशी आहे, किंवा त्याचं मन कच्चं आहे, असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. भरल्या मेसमध्ये, शेजारचा भातावर वरण ओतून घेत असताना, एका पोळीवर उठायला मन चांगलं पक्कं लागतं. गडबड आहे ती त्याच्या जमाखर्चात. बसून खाल्लेलं तो वहीत मांडतो, उभ्यानं खाल्लेलं मांडतच नाही. ताटात पडलं तर ते जेवण. हातात, कागदात, द्रोणात किंवा दुसऱ्याच्या पाकिटातून आलं तर ते ‘असंच जरा’. मेसचं ताट बिचारं डोळ्यांसमोर आडवं पसरलेलं असतं, त्यामुळे सगळा आळ त्याच्यावर येतो. आता ढोबळ हिशेब करून बघू. तीस ग्रॅम कणकेची एक पोळी तेलाच्या बोटासकट सव्वाशे कॅलरीपर्यंत जाते. तीन पोळ्या, वाटीभर भात, भाजी, आमटी, कोशिंबीर आणि पेलाभर ताक असं मेसचं पुरं जेवण सातशे-आठशेच्या घरात बसतं. डाएटवाला त्यातल्या दोन पोळ्या आणि भात सोडतो, म्हणजे सुमारे चारशे वाचवतो. चार वाजता पोटात कावळे ओरडायला लागतात. कॉलेजच्या फाटकाबाहेर एक वडापाव होतो, तीनशेच्या आसपासचा. सोबत चहा. रात्री अकराला अभ्यासिकेतून येताना मॅगी, पाकीट सत्तर ग्रॅमचं आणि कॅलरी पुन्हा तीनशेच्या वर. वाचवले चारशे, उधळले सातशे, आणि वहीत नोंद ‘आज फक्त एक पोळी’.

चहाचं तर स्वतंत्र खातं काढायला हवं. अमृततुल्यचा चहा साखर घालूनच उकळलेला असतो, त्यामुळे ‘साखर वेगळी द्या’ या मागणीला तिथे अर्थ नाही. कपात दोन चमचे साखर धरली तर दहा ग्रॅम. लेक्चरच्या आधी, लेक्चरच्या नंतर, लेक्चर बुडवून आणि लेक्चर झालं नाही म्हणून, असे चार कप झाले की चाळीस ग्रॅम साखर पोटात गेली. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली वरून घातलेल्या साखरेविषयी जी मार्गदर्शक सूचना काढली, तिच्यानुसार दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत राहणं उत्तम. डाएटवाला हे जाणतो. म्हणूनच त्यानं मेसमधला गुलाबजाम सोडलेला असतो.

हा घोटाळा त्यानं एकट्यानं शोधलेला नाही, त्यामागे आपल्याकडची मोठी परंपरा आहे. खाण्याच्या बाबतीत मराठी माणूस ‘चालतं का?’ असं विचारतो, ‘किती?’ असं विचारत नाही. उपासाला काय चालतं आणि काय चालत नाही यावर घराघरांत वाद होतील, पण जे चालतं ते किती चालावं यावर कुणी ब्र काढणार नाही. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण उगीच पडलेली नाही. साबुदाण्याची खिचडी घ्या. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, प्रथिनांचा पत्ता नाही. त्यात शेंगदाण्याचं कूट आणि वरून तूप. गंमत अशी की साबुदाण्याचा कंद, शेंगदाणा, बटाटा आणि मिरची ही उपासाची चारही मंडळी मूळची अमेरिका खंडातली, पोर्तुगीज आल्यानंतर इकडे आलेली. पण ती चालतात, आणि इथे पिढ्यान्‌पिढ्या पिकणारी ज्वारी चालत नाही. डाएटवाला याच घराण्यातला. ओट्स चालतात ना, मग वाडगाभर. मध चालतो ना, मग त्याच ओट्सवर चार चमचे. शेंगदाणे चांगले असतात ना, मग वाचता वाचता पुडा संपतो. दीक्षित आणि दिवेकर यांच्यावरून महाराष्ट्रात घरं दुभंगली, पण डाएटवाल्यानं दोघांचा समन्वय साधलेला आहे. दिवसातून दोनदाच आणि पंचावन्न मिनिटांच्या आत जेवायचं, हा डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा नियम तो मेसमध्ये पाळतो. थोड्या थोड्या वेळानं थोडं थोडं खावं, हा ऋजुता दिवेकरांचा सल्ला तो मेसबाहेर पाळतो. वडापाव या दोघांपैकी कुणीही सांगितलेला नाही, एवढं त्यांच्या बाजूनं नोंदवून ठेवलं पाहिजे.

कुणी म्हणेल, मग त्यानं वडापावही सोडावा आणि पोळ्याही सोडाव्यात, प्रश्न मिटला. मिटत नाही, आणि याचा पुरावा फार जुना आहे. १९४४-४५ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसल कीज या शास्त्रज्ञानं छत्तीस धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. युद्धात हत्यार धरायला नकार देणारे हे तरुण आपखुशीनं आले होते. त्यांना दिवसाला साधारण दीड हजारांच्या वर कॅलरी मिळत आणि आठवड्याला बावीस मैल चालावं लागे. वजन पाव हिश्शानं उतरलं, ते उतरणारच होतं. पण या पोरांना दुसरं काही सुचेनासं झालं. पाककृतींची पुस्तकं ते कादंबरीसारखी वाचायला लागले. जेवण पुरवून पुरवून खायचं, ताटं चाटायची, रात्री स्वप्नंही अन्नाचीच. प्रयोग संपल्यावर पोट भरलं तरी भूक भागेना, आणि गेलेली चरबी व्याजासकट परत आली. आता आपला डाएटवाला रात्री साडेबाराला पांघरुणात मोबाइलवर काय बघत असतो ते आठवा. तव्यावर लोणी सुटलेली पावभाजी, हंडीतली बिर्याणी, कुठल्याशा गल्लीतलं चीज ओतलेलं सँडविच. त्याला वाटतं हा आपला चटोरपणा. खरं तर दुपारी नाकारलेल्या दोन पोळ्याच वसुलीला आलेल्या असतात. मेसमध्ये पोटभर जेवलेल्या माणसाला टपरीसमोरून जाता येतं. उपाशी माणसाला तिथून नुसतं जाता येत नाही, मग तो कितीही निश्चयी असो.

‘पण मेसचं तेल?’ हा आक्षेप सगळ्यात मोठ्यानं घेतला जातो, आणि तो खोटा नाही. तेलाचा एक चमचा म्हणजे पाच ग्रॅम आणि पंचेचाळीस कॅलरी, तेव्हा रश्शावर तवंग दिसला की छातीत धस्स होणं बरोबरच आहे. तरीही मेसच्या तेलात एक सज्जनपणा आहे, ते वर तरंगतं. वाटी तिरकी करून ते बाजूला ठेवता येतं, रस्सा न ओरपता फोडी खाता येतात. वड्यातलं तेल असं बाजूला काढून दाखवा. प्रथिनांचा आक्षेप अधिक खरा आहे. बऱ्याच मेसच्या आमटीत डाळ असते ती आठवणीपुरती. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं २०२० मध्ये दिवसाला, वजनाच्या दर किलोमागे, ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरेशी ठरवली, म्हणजे साठ किलोच्या पोराला पन्नास ग्रॅम. ती पातळ आमटीतून येणार नाहीत हे मान्य. मग डाएटवाला काय करतो? महिन्याच्या मेसइतके पैसे मोजून पावडरचा डबा आणतो आणि बुधवारी मटकीची उसळ असते तेव्हा ‘पुन्हा कडधान्य’ म्हणून नाक मुरडतो. उसळ दुसऱ्यांदा मागायला काकू पैसे लावत नाहीत. शेवटच्या वरणात पळी तळाशी घालून वाढा म्हटलं तर रागावतही नाहीत. एका उकडलेल्या अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात. फुटाण्यांची पुडी खिशात मावते. यातलं काहीच रूम पार्टनरला सांगण्यासारखं नसतं, आणि हीच या उपायांची खरी अडचण आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं म्हणणं असं की आठवड्याला अर्धा किलो उतरवणं सुरक्षित. किलोभर चरबीत साधारण ७,७०० कॅलरी धरतात, म्हणजे अर्ध्या किलोसाठी रोजची साडेपाचशेची तूट हवी. शरीर इतकं सरळ मुनीम नाही, काही आठवड्यांनी तेही खर्च आवरतं घेतं आणि काटा रेंगाळतो, पण सुरुवातीला हा आकडा पुरतो. हे साडेपाचशे कुठे सापडतील? चार वाजताचा वडापाव, रात्रीची मॅगी आणि चारातले दोन चहा एवढं सोडलं की सातशेच्या वर जमतात, त्यातले दोन पोळ्यांचे अडीचशे ताटात परत ठेवले तरी साडेपाचशेला फार थोडे कमी पडतात. तेवढे उरलेल्या दोनांतला एक चहा सोडला की जवळजवळ भरून निघतात. टेकडीचाही डाएटवाल्याला फार भरवसा असतो. पहाटे उठून हनुमान टेकडी चढावी, जरूर चढावी, हवा चांगली असते आणि ओळखीही होतात. पण तासभर चालून अडीचशे-तीनशे कॅलरी खर्च होतात आणि टेकडी जिथे उतरते तिथे पोह्यांची गाडी उभी असते. उतरणारा माणूस आपण आत्ताच काहीतरी पराक्रम केला आहे अशा भावनेनं उतरतो, आणि पराक्रमी माणसाला एक प्लेट पुरत नाही.

शिवाय या मंडळींपैकी कितीजणांना वजन उतरवायची मुळात गरज आहे, हाही प्रश्न आहेच. आपल्याकडच्या डॉक्टरांनी भारतीयांसाठी बीएमआयची रेघ पंचवीसवरून तेवीसवर आणली आहे, कारण आपल्या लोकांत चरबी पोटाभोवती लवकर साठते. त्यामुळे ‘मी कुठे जाड आहे’ म्हणणाऱ्यांनी एकदा कमरेला टेप लावायला हरकत नाही. पण एकोणीस-वीसच्या बीएमआयची मुलगी केवळ फोटोत गाल दिसतात म्हणून रात्रीचं जेवण बंद करते, तेव्हा तिची चेष्टा करण्यात अर्थ नाही. चक्कर येते, केस गळतात, पाळी चुकते. अशा वेळी पार्टनरनं हिशेब शिकवायचा नसतो, तिला डॉक्टरकडे न्यायचं असतं. बाकीच्यांसाठी दिवाळीत घरचा काटा तयारच असतो. ‘किती वाळलास रे’ म्हणणाऱ्या आईच्या नजरेत कुठलंही वजन पाच किलोनं कमी भरतं, आणि ती तूट ती भाऊबीजेच्या आत भरून काढते.

माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप मात्र पोषणाचा नाहीच. टपरी सोडली तर मित्र कुठे भेटणार? मेसमध्ये माणूस मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून जेवतो, पंधरा मिनिटांत हात धुतो. प्रेमभंग, बॅकलॉग, एमपीएससीची लांबलेली तारीख, हे सगळं उभ्यानंच बोललं जातं, आणि त्यासाठी हातात काहीतरी असावं लागतं. यावर माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. एकच चहा घेऊन तो तासभर पुरवणारे तपस्वी टपऱ्यांवर असतात. टपरीवाल्याला ते आवडत नाहीत, पण पोटाचा घेर बघता त्यांचं बरं चाललेलं दिसतं. वडापावात अर्धा वाटा घेण्याची प्रथाही आहे. फक्त डाएटवाला अर्धा वाटा तिघांकडून घेतो.

त्याला मेसची खरी किंमत कळते ती रविवारी. दुपारी फीस्ट असते, पुरी, श्रीखंड, मसालेभात. त्या वेळी तो ‘आज चीट डे’ असं जाहीर करून सहाव्या पुरीला हात घालतो. संध्याकाळी मात्र मेसला सुट्टी. आठवडाभर ‘रात्री जेवणार नाहीये’ म्हणून खाडे लावणारा, आणि ते महिन्याच्या बिलातून वजा झाले का हे काकूंना दोनदा विचारणारा हाच माणूस रविवारी साडेसातला बंद शटरसमोर उभा असतो. आत दिवा दिसतो का हे वाकून बघतो आणि पार्टनरला फोन लावतो. ‘अरे, आज मेस बंद आहे. मग जेवायचं कुठे?’