अहो मिस्त्री!

घरात काम काढलं की गृहस्थाची पत उतरते आणि मिस्त्रींची चढते. एरवी ऑफिसात दहा जणांना झापणारा माणूस सिमेंटच्या गोणीशेजारी अंग चोरून उभा राहतो आणि हळूच विचारतो, "मिस्त्री, उद्या येताय ना?" मिस्त्री ओळंबा सोडतात, एक डोळा मिटून भिंतीकडे बघतात आणि "हं" म्हणतात. ते आपल्याला की भिंतीला, कळत नाही.

हा रुबाब शब्दातच आहे. मिस्त्री म्हणजे पोर्तुगीजांचा 'मेस्त्र', म्हणजे उस्ताद. १५१० साली गोवा आणि १५३४ साली वसई त्यांच्या हाती आली. मग किल्ले, चर्च, जहाजं अशी कामं निघाली आणि त्यांच्याबरोबर शब्दही आपल्याकडे रुळला. गोव्यात सुताराला 'मेस्त' म्हणतात. तळकोकणात मेस्त्री हे आडनावच आहे. त्याच वाटेने घमेलं आलं, बिजागरी आली, चावी आली आणि पगारही आला. अख्खी साइटच गलबतातून उतरली म्हणायची! 'उद्या नक्की येतो' तेवढं अस्सल देशी.

सुताराचं कूळ मात्र इथलंच. तो संस्कृतातला 'सूत्रधार'. रंगात भिजवलेली दोरी लाकडावर ताणून टण्णकन सोडली की सरळ रेघ उमटते, आणि पुढे करवतीला त्या रेघेबाहेर जायची सोय नसते. नाटकातल्या सूत्रधाराच्या वाट्याला टाळ्या आल्या; हा आपला भुशात रंधा मारत राहिला.

मिस्त्रींचंही तसंच. 'मेस्त्र'चं मूळ लॅटिन 'मॅजिस्टर', आणि त्याच मुळातून इंग्रजीमार्गे आलेले आपले 'मास्तर'. म्हणजे दोघे चुलतभाऊ! पण मुलगा मास्तर झाला की पेढे वाटायचे. मिस्त्री होतो म्हणाला तर बाप दहावीच्या मार्कांवर घसरतो. मात्र मास्तरांच्या न्हाणीघरातलं पाणी जाळीकडे जायचं सोडून दाराकडे निघालं, की मिस्त्रींनाच बोलावणं जातं. ते लादीवर तांब्याभर पाणी ओततात, उकिडवे बसून बघत राहतात आणि म्हणतात, "ढाळ चुकलाय." मास्तर मुकाट्याने मान डोलावतात.

तेव्हा तुमच्याकडे काम चालू असेल, तर 'ए मिस्त्री' नको, 'अहो मिस्त्री' म्हणा. चहाही आधी त्यांना द्या. उद्या येतीलच, याची हमी मात्र मी देत नाही.