खरखरीचा पंचनामा

गाणं कानांनी ऐकायचं असतं, हा समज आमच्या एका स्नेह्यांनी कधीच मोडीत काढला आहे. ते गाणं बघतात. कुणी 'फ्लॅक' फाइल पाठवली की आधी तिचा स्पेक्ट्रोग्राम निघतो: आडवा वेळ, उभी कंपनसंख्या, आणि रंग जितका भडक तितका आवाजाला जोर. सीडीवरून थेट उतरवलेल्या फाइलीत रंग 22,000 हर्ट्झकडे विरत विरत जातात. मधे कुठे 128 केबीपीएसची एमपी3 होऊन गेली असेल, तर बहुधा 16,000च्या आसपास सरळ रेषेत तुटतात. वर काळोख. "मुंडण!" स्नेही विजयाने ओरडतात.

फ्लॅक बिचारी सज्जन. 2001 साली आली, ध्वनी साधारण निम्म्या जागेत बसवते आणि मागाल तेव्हा बिट न् बिट परत करते. एमपी3 मात्र माणसाला ऐकू येणार नाही असं जे तिला वाटतं, ते फेकूनच देते. तरी काही महाभाग एमपी3चीच फ्लॅक करतात. पाणी घातलेलं दूध चांदीच्या तांब्यात ओततात म्हणा ना. फाइल फुगते, गेलेलं येत नाही. 320 केबीपीएसवाली एमपी3 तर 20,000पर्यंत रंग दाखवते. तिच्यापुढे स्नेही जरा गोंधळतात, पण तसं म्हणत नाहीत.

परवा बालगंधर्वांची नाट्यपदं आली. मी म्हटलं, "अहो, त्या काळी कर्ण्यात तोंड घालून गायचे, मायक्रोफोन आला तो 1925च्या सुमारास. वरचे स्वर तबकडीवर उतरलेच नसतील, तर दिसणार कुठून?"

"गाणं कोण बघतंय? खरखर बघा! लाखेच्या तबकडीची खरखर पार वरपर्यंत जाते. ही 16,000वर छाटलीय. खरखर नकली आहे!"

साठीनंतर 12-13 हजार हर्ट्झच्या वरचं सहसा कुणालाच ऐकू येत नाही, आणि स्नेही सत्तरीला टेकलेत. आतून वहिनी म्हणाल्या, "अहो, लावा ना एखादं पद."

"काय लावायचं? खोटं आहे ते!"

तेव्हा वाचकहो, कुणाच्या माळ्यावर या पदांच्या मूळ तबकड्या असतील तर कृपया कळवा. गाणं थोडं झिजलेलं चालेल. खरखर अस्सल हवी.