चलचित्रसाहित्यमीमांसा : जालना खंड

शास्त्राच्या आरंभी चार गोष्टी सांगून मोकळे व्हावे, अशी आपल्याकडची जुनी शिस्त आहे. विषय : मोबाईलवर व्हिडिओ काढू पाहणाऱ्या नवख्याने पहिल्यांदा काय विकत घ्यावे. प्रयोजन : त्याचे पैसे वाचावेत. संबंध : ग्रंथकाराचा कोणत्याही मोबाईल शॉपीशी नाही. अधिकारी : जालना जिल्ह्याच्या आठही तालुक्यांतला असा कोणीही, ज्याच्या हातात फोन आहे, डोक्यात चॅनेलचे नाव आहे आणि ज्याला घरून एकदा तरी "काहून पैसे घालवतो रे?" असे विचारून झाले आहे.

हा ग्रंथ जालन्यातच का, अशी शंका पुण्याकडून येईल. तिचे निरसन सोपे आहे. घनसावंगी तालुक्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. दासबोधाचे वीस दशक, दोनशे समास. त्यातला दुसरा दशक मूर्खलक्षणांनी सुरू होतो आणि पढतमूर्खापाशी संपतो. माणसांची लक्षणे नोंदवण्याचे काम या मातीत नवे नाही. फक्त मधल्या काळात मूर्खांचे काही नवे प्रकार निघाले आणि त्यांची नोंद राहून गेली. उदाहरणार्थ, ज्याने माईकचे रिव्ह्यू पाहण्यात अख्खा उन्हाळा घालवला आणि पावसाळा लागला तरी एक व्हिडिओ काढला नाही, तो आजचा पढतमूर्ख. 2016 मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला. 2020 च्या जूनअखेरीस टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामची रील्स भारतात अवतरली. या दोन घटनांच्या दरम्यान केव्हातरी ही जमात गावोगाव पसरली, एवढा इतिहास पुरे.

आता पूर्वपक्ष. तो जालन्यातल्या कोणत्याही मोबाईल शॉपीच्या काचेमागे एका खोक्यात बंद असतो. खोक्यावर 'व्लॉगिंग किट' असे लिहिलेले असते आणि दात दाखवून हसणारा एक परदेशी तरुण असतो. दुकानदार म्हणतो, "भाऊ, सगळं एकातच हाय. ट्रायपॉड, लाईट, माईक, रिमोट. बाहेर सुटं घ्यायला गेले तर डबल पैसे लागतेत." हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड आहे. पण खोके उघडून पाहावे. ट्रायपॉडचे पाय वीतभर. जमिनीवर ठेवला की बोलणारा माणूस कोंबडीला जसा दिसत असेल तसा दिसतो : आधी चपला, मग पँटीची शिवण, मग हनुवटीचा खालचा भाग. लाईट मुठीएवढी, तोंडासमोर धरली तरच उजेड पडतो आणि तोंडासमोर धरली की तोंड झाकते. माईकच्या टोकाला स्पंजची टोपी असते, ती दुसऱ्या दिवशी हरवते. रिमोट चालतो. म्हणून या किटबद्दल सिद्धान्त असा : चार वस्तू अर्धवट काम करत असतील तर त्यांची बेरीज दोन होत नाही, शून्यच होते.

मग आधी काय घ्यावे? आमचे उत्तर एकच आहे आणि पुढची सगळी मीमांसा त्याच्या समर्थनार्थ आहे. आधी माईक. चित्राचे नंतर पाहू.

हे ऐकून नवखा दचकतो, कारण त्याच्या मते व्हिडिओ ही बघायची वस्तू. पण आपल्याकडे व्हिडिओ बघतो कोण? बदनापूरकडचा मोसंबीवाला 'फळगळ कशी थांबवावी' हा व्हिडिओ लावतो, फोन शर्टाच्या खिशात टाकतो आणि झाडाखालची आळी करू लागतो. ट्रॅक्टरवरचा पोरगा फोन डॅशबोर्डवर उपडा ठेवतो. घरात भाकरी थापणाऱ्या बाईला पडद्याकडे पाहायला सवडच नसते. यांच्यापैकी कोणीही चित्र अंधुक आहे म्हणून व्हिडिओ बंद करत नाही. औषधाचे नाव वाऱ्यात उडून गेले आणि पंधरा लिटरच्या पंपाला किती मिली टाकायचे तेवढेच ऐकू आले नाही, तर मात्र अंगठा पुढच्या व्हिडिओवर जातो आणि परत येत नाही.

पदार्थविज्ञानही आमच्याच बाजूचे आहे. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाजाची तीव्रता चौथाईवर येते. फोन दोन मीटरवर उभा आणि कॉलरचा माईक तोंडापासून वीतभर, म्हणजे अंतरात दहापटीचा फरक, तीव्रतेत शंभरपटीचा. वारा, मोटर, शेजारच्या धुऱ्यावरचे थ्रेशर आणि लग्नाचा डीजे यांना हा नियम माहीत नसला तरी ते तो काटेकोर पाळतात. ते मुळातच मोठ्याने बोलतात, तुम्ही लांबून.

इतिहासाची साक्ष काढायची तर अर्देशीर इराणींच्या 'आलम आरा'ची काढावी. 14 मार्च 1931 रोजी लागलेला हा आपला पहिला बोलपट. स्टुडिओजवळून रेल्वे जायची, म्हणून बरेचसे चित्रीकरण मध्यरात्रीनंतर, गाड्या थांबल्यावर झाले आणि माईक नटांच्या आसपास लपवून ठेवले गेले. हॉलिवूडमध्येही बोलपट आले तेव्हा कॅमेऱ्याची घरघर माईकला ऐकू जाऊ नये म्हणून कॅमेरा आणि कॅमेरामन दोघांना आवाजबंद खोलीत कोंडत. म्हणजे माईकसाठी कॅमेऱ्याने तुरुंगवास भोगला. तुम्हाला तर नुसते किट खरेदी करायचे थांबवायचे आहे. कृषिपंपाला रात्रीची वीज असलेल्या आमच्या शेतकऱ्याला मध्यरात्रीचे चित्रीकरण अवघड नाही, एवढे जाता जाता.

माईक घेताना पिनेवरच्या काळ्या रेघा मोजाव्यात. तीन रेघा असतील तर ती मोबाईलची पिन, दोन असतील तर कॅमेऱ्याची. दुकानदार दोन्हींना "चालतंय की" म्हणेल. दोन रेघांची पिन फोनमध्ये बसेल, पण फोन आपलाच माईक वापरत राहील आणि तुम्ही घरी जाऊन कॉलरला चिकटवलेल्या त्या नुसत्या दागिन्याशी तासभर बोललेले असाल. लांब वायरच्या माईकला मध्ये एक छोटी डबी असते, तिच्यावर बटण. एका बाजूला फोन, दुसऱ्या बाजूला कॅमेरा. ते कॅमेऱ्याच्या बाजूला राहिले तर काय होते, हे ज्याचे त्याने एकदा अनुभवावे. त्याशिवाय ते लक्षात राहत नाही. बऱ्याच नव्या फोनना गोल भोक नसते, तिथे टाईप-सीचा माईक किंवा कन्व्हर्टर लागतो. बिनतारी घेतला तर त्याचा छोटा रिसीव्हर चार्जिंगचीच जागा अडवून बसतो, म्हणून आधी चार्जिंग, मग भाषण. वायरवाल्याला चार्जिंगची कटकट नाही, पण वायर सहा मीटरची असेल तर ती ठिबकच्या नळ्यांत अडकतेच. वाऱ्यासाठी स्पंजवर केसाळ कापडाची टोपी चढवावी. ती दिसायला उंदरासारखी असते, पण उघड्या रानात तिच्यावाचून गती नाही. पाचशे ते हजार रुपयांत हे सगळे प्रकरण मिटते. मिटल्यावर घरी येऊन, खोलीच्या कोपऱ्यात गोधड्यांच्या घडीसमोर उभे राहून एकदा बोलून पाहावे. आवाज घुमायचा थांबला की समजावे, पहिला व्हिडिओ इथेच.

दुसरा क्रम स्टँडचा. स्टँडला तीन पाय का, हा प्रश्न भूमितीने सोडवलेला आहे : तीन बिंदू नेहमी एकाच प्रतलात असतात, म्हणून तिपाई ढेकळांतही डगमगत नाही. चार पायांना ते सुख नाही. पण बाजारातली पाच फुटांची हलकी तिपाई आमच्या मोकळ्या रानातल्या वाऱ्यापुढे टिकत नाही. ती खाली येते आणि पडताना फोन आधी टेकवते. इथे जालना मदतीला येते. पोलादाच्या रोलिंग मिल्स आणि सळईचे हे गाव आहे. तीन गज आणि एक चपटी पट्टी घेऊन वेल्डरकडे जावे. फोन धरणाऱ्या क्लॅम्पला जगभर एकच आटा असतो, पाव इंची, इंचाला वीस आटे. हार्डवेअरच्या दुकानातून तसाच पाव इंची बोल्ट न्यावा आणि पट्टीवर जोडून घ्यावा. वजन भरपूर होईल आणि मोटारसायकलवर न्यायला दोन माणसे लागतील, पण असा स्टँड हलवायला वळवाचे वादळ लागते. स्टँड तयार होईपर्यंत मोसंबीचे कॅरेट आहेतच. एकावर एक चार कॅरेट रचले की उभ्या माणसाच्या छातीएवढी उंची मिळते. वर वीट, विटेला टेकून फोन. हा प्रकार आम्हाला मनापासून आवडतो, कारण शूटिंग संपले की कॅरेट पुन्हा आपल्या कामाला लागतात. ट्रायपॉडचे तसे होत नाही, तो कपाटावर जाऊन बसतो.

गिंबल : नको.

(यावर सविस्तर लिहावे असा आग्रह झाला. गिंबल तीन अक्षांवर फिरून चालताना बसणारे हेलकावे खातो. नवख्याने चालूच नये. उभे राहावे आणि बोलावे.)

प्रकाशाबद्दल मात्र थोडे थांबले पाहिजे, कारण इथे सर्वांत जास्त पैसे जातात. रिंगलाईट आणली की बोलणाऱ्याच्या दोन्ही डोळ्यांत दोन पांढरी कडी उमटतात, चष्मा असेल तर चार. शेतकऱ्याच्या डोळ्यांत कडी पाहून प्रेक्षकाचे लक्ष खतावरून उडते. 1956 च्या 'अपराजितो' या चित्रपटासाठी कॅमेरामन सुब्रत मित्रांना बनारसच्या घराचे अंगण स्टुडिओत उभे करायचे होते. त्यांनी वर पांढरे कापड ताणले, दिवे खालून त्या कापडावर मारले आणि वरून पडणारा तो मऊ उजेड सगळ्या जगाने वाखाणला. त्यांना जे दिव्यांनी करावे लागले ते आमच्याकडे सकाळी आठला फुकट होते. घराच्या सावलीत बसावे, तोंड मोकळ्या आकाशाकडे करावे. चेहऱ्याची एक बाजू काळी पडत असेल तर टीव्हीच्या खोक्यातले थर्माकोल त्या बाजूला उभे करावे. थर्माकोल सांभाळून ठेवण्याबद्दल घरात आजवर जे बोलणे खाल्ले, ते इथे वसूल होते. घरात, ट्यूबच्या उजेडात काढायचे तर एक खुबी आहे. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळते आणि चित्रावर काळे पट्टे सरकू लागतात. फोनच्या प्रो मोडमध्ये शटर पन्नासांश किंवा शंभरांश सेकंदावर ठेवले की पट्टे जातात. यासाठी काहीही विकत घ्यावे लागत नाही, म्हणूनच बहुधा दुकानदार हे सांगत नाही.

कॅमेरा तुमच्या हातातच आहे. तो मागच्या बाजूचा वापरावा. पुढचा स्वतःला पाहण्यासाठी असतो आणि त्यात बोलणाऱ्याचे लक्ष विषयावर राहत नाही, केसांवर जाते. 4के मध्ये 1080पी पेक्षा बरोबर चौपट पिक्सेल असतात आणि मेमरीही कितीतरी लवकर भरते. तो व्हिडिओ शेवटी व्हॉट्सअ‍ॅपवर जाऊन दाबला जाणार असेल तर 1080पी पुष्कळ झाले. शूटिंगच्या आधी काच पुसावी. खिशात बसून बसून तिच्यावर घामाचा आणि तेलाचा पातळ थर चढतो आणि प्रत्येक दिव्याभोवती धुके दिसू लागते. धुतलेल्या मऊ सुती कापडाचा तुकडा हे या शास्त्रातले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपेक्षित उपकरण आहे. त्याची जाहिरात कोणी करत नाही.

इथे प्रतिपक्ष शेवटचा डाव टाकतो. म्हणतो, दादासाहेब फाळक्यांनी 1912 मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला, कुंडीत वाटाणा लावला आणि एकेक चित्र घेत त्याच्या रोपाची वाढ पडद्यावर आणली. त्यांना कुठे माईक लागला? उत्तर : फाळक्यांचा वाटाणा बोलत नव्हता. तुम्ही 'नमस्कार मित्रांनो' म्हणता. मात्र या आक्षेपातून एक उत्तम पहिला व्हिडिओ हाती लागतो, तो सांगून ठेवू. जालना हे बियाण्यांचे गाव. बद्रीनारायण बारवाल्यांनी महिको ही बियाणे कंपनी 1964 मध्ये इथेच काढली. पेरणीआधी घरच्या सोयाबीनची उगवण तपासायची रीत सगळ्यांना ठाऊक आहे : ओल्या गोणपाटात शंभर दाणे ओळीने ठेवायचे, गुंडाळी करायची, आठवडाभराने उघडून मोजायचे. सत्तर उगवले तर पेरायला हरकत नाही. ही गुंडाळी रोज एकाच जागी, एकाच कॅरेटवर, त्याच वेळेला उलगडून दहा सेकंद टिपावी आणि तुकडे जोडावेत. मोजणी करताना माईक लावून आकडा मोठ्याने म्हणावा. फाळक्यांना महिना लागला, तुम्हाला आठवडा लागेल. शिवाय बियाणे फसवे निघाले तर पुरावाही हाती राहील.

समृद्धी महामार्गावर गाडी थांबवून रील काढणे हा या ग्रंथाचा विषय नाही, तो महामार्ग पोलिसांचा आहे.

शेवटी वाचकाला एक व्यावहारिक विनंती. रेकॉर्डिंगला हात लावण्याआधी फोन विमान मोडवर टाका. मधेच कॉल आला तर बऱ्याच फोनवर चित्रीकरण तुटते आणि नेमके चांगले वाक्य अर्धे राहते. पण मोसंबीच्या आंबे बहाराची तोड चालू असेल, तर विमान मोड लावू नका. व्यापाऱ्याचा फोन चुकला तर भाव गेला. व्हिडिओ उद्याही काढता येतो.