सवतीमत्सराचा सरंजाम

ऐतिहासिक मालिकेतल्या राणीसाहेबांना झोप ही चीज ठाऊक नसते. मध्यरात्र उलटून गेली तरी शालूची एक निरी हललेली नसते, नथ जागच्या जागी, अंबाड्यावरचा गजरा नुकताच माळल्यासारखा, आणि महालात समया इतक्या की तेलाचा खर्च पाहून अमात्यांनी राजीनामा द्यावा. पलीकडच्या दालनातून महाराजांच्या हसण्याचा आवाज येतो. राणीसाहेब गर्रकन वळतात. कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यावर तीनदा आदळतो, तिन्ही वेळा वीज कडाडते, बाहेर भर वैशाख असला तरी. मग दासी एक पाऊल पुढं येऊन सांगते, ‘धाकट्या राणीसाहेबांनी आज महाराजांसाठी स्वतःच्या हातानं केशरी दूध केलं म्हणे.’ इथं भाग संपतो. ते दूध कुणी सांडलं, या चौकशीत पुढचा आठवडा जातो. तेवढ्यात गनीम दोन किल्ले घेऊन मोकळा झालेला असतो, पण तिकडं बघायला कुणाला सवड? खुद्द औरंगजेबसुद्धा टोपी विणत उद्याच्या भागाची वाट बघत बसलेला.

या प्रकाराला माझी हरकत आहे, मात्र ती नेहमीची नव्हे. नेहमीची हरकत अशी असते की थोर पुरुषांना प्रेमबीम करताना दाखवू नये. तुर्कस्तानात 2011 साली सुलतान सुलेमान आणि त्याच्या जनानखान्यावर मालिका आली, तेव्हा तिथले पंतप्रधान एर्दोगान असेच रागावले होते. सुलतानाची तीस वर्षं घोड्यावर गेली आणि हे त्याला अंतःपुरात बसवतात, अशी त्यांची तक्रार. म्हणजे काळजी सुलतानाच्या घोड्याची. अंतःपुरातल्या बायका काय राजकारण करत होत्या, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. माझं म्हणणं नेमकं त्या बायकांपुरतं आहे. राजांनी खुशाल प्रेम करावं. पण दोन राण्या भांडल्या की ते भांडण नवऱ्यावरूनच असणार, हे मालिकावाल्यांनी जे गृहीत धरलंय, ते निदान कोल्हापुरात तरी खपण्यासारखं नाही. कारण हे संस्थानच दोन सवतींच्या भांडणातून घडलं, आणि त्या भांडणात नवरा कुठंही नव्हता. तो वारून चौदा वर्षं झाली होती.

छत्रपती राजाराम महाराज मार्च 1700 मध्ये सिंहगडावर वारले. ताराराणी तेव्हा पंचविशीत. त्यांनी आपल्या लहानग्या शिवाजीला गादीवर बसवलं आणि कारभार हाती घेऊन औरंगजेबाला त्याच्या मरणापर्यंत, म्हणजे 1707 पर्यंत, दख्खनमध्ये झुंजवत ठेवलं. त्यांची धाकटी सवत राजसबाई. त्यांनाही मुलगा होता, संभाजी, जेमतेम दोन वर्षांचा. तो अर्थातच बाजूला पडला. पुढं राजारामांचे पुतणे शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले, साताऱ्याची गादी त्यांच्याकडं गेली, आणि ताराराणींनी 1710 मध्ये पन्हाळ्यावर वेगळी गादी मांडली. तेच आपलं करवीर राज्य. इतकी वर्षं राजसबाई गप्प. 1714 मध्ये मात्र त्यांनी पन्हाळ्यावर असा डाव टाकला की ताराराणी आणि त्यांचा मुलगा दोघंही कैदेत, आणि सोळा वर्षांचा संभाजी गादीवर. या उलथापालथीत रामचंद्रपंत अमात्यांचा हात होता, असं इतिहासकार मानतात. राज्य कसं चालवावं हे सांगणारं ‘आज्ञापत्र’ पंतांनी लिहिलं तेही याच संभाजीराजांच्या अमदानीत, त्यांच्याच नावानं. मराठीतला राजनीतीवरचा सर्वांत शहाणा ग्रंथ सवतीच्या बंडाच्या पाठोपाठ यावा, हा योग मला फार आवडतो. केशरी दूध सांडून असलं वाङ्मय निर्माण होत नाही.

आता प्रेमाचा हिशेब. राजाराम महाराज 1689 मध्ये जिंजीला गेले. राण्या मागं राहिल्या आणि काही वर्षांनी, बराच वळसा घेऊन, तिकडं पोहोचल्या. जिंजीला मोगलांचा वेढा सात-आठ वर्षं होता. ताराराणींचा शिवाजी 1696 चा, म्हणजे ऐन वेढ्यातला. तिथं समया किती लागत असतील आणि दुधात केशर घालायला कुणाला सुचत असेल, याची कल्पना ज्याची त्यानं करावी. ताराराणींचं वैधव्य पुढं तब्बल एकसष्ट वर्षांचं; 1761 मध्ये साताऱ्यात वारल्या तेव्हा त्या शहाऐंशीच्या होत्या. संसार उणापुरा, राजकारण साठ वर्षांचं. मोगलांकडून लिहिणारा खाफीखान, ज्याला या बाईचं कौतुक करायची काडीइतकी गरज नव्हती, तोही लिहून गेलाय की नवरा हयात असतानाच लष्करी आणि मुलकी कारभारातली जाणकार म्हणून तिचा लौकिक झाला होता. शत्रूला जे दिसलं ते आपल्या पटकथाकाराला दिसत नाही, कारण मध्ये ती नथ येते.

यावर कुणी म्हणेल, मत्सर काय नव्हताच? राण्या म्हणून माणसं नव्हती का ती? होती की. राजसबाईंनी चौदा वर्षांत किती वेळा दातओठ खाल्ले असतील, याला कागद कुठून मिळणार? पण दातओठ खाऊन पन्हाळा हाती येत नाही. त्यासाठी माणसं फोडावी लागतात, अमात्यांच्या तोलाचा मुत्सद्दी बाजूला असावा लागतो, आणि योग्य वेळ येईपर्यंत तोंड मिटून बसावं लागतं. खासबाग मैदानात कुस्ती बघणारा माणूस पैलवानानं समोरच्याकडं किती रागानं पाहिलं याची चर्चा करत नाही, डाव कुठला आणि कधी टाकला याची करतो. मालिकेनं नेमकी डोळे वटारण्याचीच कुस्ती दाखवायची म्हटलं, तर तिकिटाचे पैसे परत मागावेत.

रायगडावरही हेच. राजारामांच्या आई सोयराबाईंची मालिकांनी ठरवलेली भूमिका म्हणजे भुवया. पण 1680 मध्ये राजारामांना गादीवर बसवण्याचा त्यांचा आणि अण्णाजी दत्तोंचा बेत फसला, तो कुणा सवतीमुळं नव्हे, तर सख्ख्या भावामुळं. सरनोबत हंबीरराव मोहित्यांनी बहिणीला सोडून तिच्या सवतीच्या मुलाची, थोरल्या संभाजीराजांची, बाजू घेतली. आणि याच हंबीररावांची मुलगी ताराराणी. बापानं आत्याचा जो डाव मोडला, तोच लेकीनं वीस वर्षांनी स्वतःच्या मुलासाठी मांडला, आणि जिंकूनही दाखवला. यात भुवयांचं काम कुठं आहे?

दुसरा आक्षेप जास्त गंभीर: मालिका म्हणजे करमणूक, इतिहासाचा तास नव्हे, प्रेक्षकाला गुंतागुंत पेलत नाही. मला हे पटत नाही. गोकुळ दूध संघाच्या निवडणुकीत कोण कुणाच्या पॅनेलमध्ये गेला, का गेला, आणि त्याचा पाहुणा समोरच्या पॅनेलमध्ये कसा, हे या जिल्ह्यातला माणूस चहा निवायच्या आत सांगतो. त्याला 1714 चा पन्हाळा जड जाईल? उलट केशरी दुधाचंच त्याला नवल वाटत असेल, कारण दुधाचं राजकारण असलं नसतं हे त्याला पक्कं ठाऊक आहे. शिवाय करमणूकच हवी असेल तर ताराराणींनी ती फुकट पुरवून ठेवलीय. 1749 मध्ये शाहू महाराज वारले, मागं मुलगा नाही. त्याआधीच पंचाहत्तरीला टेकलेल्या ताराराणींनी जाहीर केलं होतं की माझा एक नातू आहे, राजसबाईंच्या भीतीनं लहानपणापासून लपवून वाढवलेला. तो रामराजा साताऱ्याच्या गादीवर बसला. वर्ष सरायच्या आत आजीबाईंनी त्याला कैदेत टाकलं, हा माझा नातूच नव्हे असं म्हणू लागल्या, आणि 1752 मध्ये जेजुरीला, खंडोबाच्या साक्षीनं, तशी शपथही घेतली. हरवलेला वारस, तोतया, देवळातली शपथ, सगळं आयतं हजर. एवढं असून लेखकमंडळी दासीला पडद्याआड उभी करतात, याला आळस म्हणायचा नाही तर काय?

तिसरी अडचण भक्तीची, आणि ती आपलीच. राणीला एकतर देव्हाऱ्यात बसवायचं नाहीतर खलनायिका करायचं, मधली जागाच नाही. 2021 मध्ये सोनी मराठीवर ताराराणींच्या नावाची मालिका आली. राजसबाईंच्या नावानं कुणी काढील, अशी आशा नको. कावळा नाक्यावर घोड्यावर स्वार झालेल्या ताराराणी दिमाखात उभ्या आहेत, आणि ते योग्यच. राजसबाईंच्या नावाचा कोल्हापुरात रिक्षास्टॉपसुद्धा मला माहीत नाही. पण गादी पुढं चालली ती त्यांच्या मुलाची. 1731 च्या वारणेच्या तहानं कोल्हापूरचं वेगळेपण मान्य झालं, तेही याच संभाजीराजांच्या नावानं. ते 1760 मध्ये वारले तेव्हा त्यांच्या राणी जिजाबाईंनी खानवटच्या भोसल्यांचा मुलगा दत्तक घेऊन राज्य टिकवलं आणि 1773 पर्यंत स्वतः चालवलं. इथंही राजा नाही, प्रेम नाही, आणि कारभार चोख.

राजसबाई माहेरच्या कागलकर घाटगे. बंडानंतर 170 वर्षांनी, 1884 मध्ये, राणी आनंदीबाईंनी करवीरच्या गादीसाठी मुलगा दत्तक घेतला, तो कागलच्या घाटग्यांचा यशवंतराव. तेच राजर्षी शाहू महाराज. नाक्यावर पुतळा मोहित्यांच्या लेकीचा, आणि गावानं उठता-बसता नाव घ्यायचं ते घाटग्यांच्या लेकाचं. दोन्ही माहेरांची फिटंफाट झाली.