विषय : नोव्हेनाबाबत

आमच्या वसईत संतांना कामं वाटून दिलेली आहेत. वस्तू हरवली की संत अंतोनी, नोकरी आणि घर संत योसेफकडे, आणि ज्या प्रकरणात डॉक्टर, वकील व जावई या तिघांनीही हात वर केलेत, ते संत ज्यूडकडे. माझ्या आत्याला ही वाटणी तोंडपाठ आहे. मी सारी हयात सरकारी कचेरीत काढली, पण इतकी स्वच्छ कार्यविभागणी मला आमच्या खात्यात कधी दिसली नाही.

निवृत्त झालो आणि माझंच पेन्शन अडकलं. कुठे अडकलं हे कोणाला सांगता येईना, म्हणजे ते पक्कं अडकलं होतं. आत्या म्हणाली, "आता माहीमची नोव्हेना धर. नऊ बुधवार."

नोव्हेना हे आमच्या घरात बायकांचं खातं. आम्ही पुरुष रविवारी मिस्साला जायचो, देवळाच्या मागच्या दारापाशी उभे राहायचो आणि प्रवचन लांबलं की हवा खायला बाहेर पडायचो. एवढ्यावर आमची श्रद्धा ठणठणीत होती. पण नऊ आठवडे तीच विनंती पुन्हा पुन्हा करायची, हे मला लगेच पटलं. याला आम्ही पाठपुरावा म्हणतो. पहिला अर्ज कोणीच वाचत नाही, स्मरणपत्रानंतरच फाइल हलते, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

"पण नऊच का?" मी विचारलं. शासन निर्णय कुठला, हे माहीत असावं.

आत्याने थेट बायबल काढलं. येशू स्वर्गात गेला, जाताना शिष्यांना 'यरुशलेममध्ये थांबा' म्हणाला, आणि शिष्य मरियेसह माडीवरच्या खोलीत प्रार्थना करत राहिले. पेन्टेकॉस्टच्या दिवशी पवित्र आत्मा आला. मधले दिवस नऊ. "पण नऊ दिवस बसायचंय हे त्यांना कुठे माहीत होतं?" आत्या म्हणाली. "माहीत असतं, तर तुझ्यासारखे आठव्या दिवशी संध्याकाळी उगवले असते."

विरार फास्ट माहीमला थांबत नाही, म्हणून वांद्र्याला उतरून स्लो पकडायची. आत्या लेडीजमध्ये, मी जनरलमध्ये, त्यामुळे माझं धार्मिक शिक्षण तुकड्यातुकड्यांनी, प्लॅटफॉर्मवर झालं. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये नित्य साहाय्य मातेची, म्हणजे मरियेची, ही नोव्हेना 8 सप्टेंबर 1948 ला सुरू झाली. फादर एडवर्ड प्लॅसिडस फर्नांडिस यांनी आयर्लंडमध्ये, बेलफास्टला ती पाहिली आणि इथे आणली. तो दिवस मरियेच्या जन्माचा सण होता आणि वारही बुधवारच. तेव्हापासून बुधवारी माहीमच्या रस्त्यावर जी गर्दी होते, तिच्यात पुष्कळ लोक असे असतात की ज्यांच्या घरी गणपती बसतो. मराठी, कोंकणी, इंग्रजी, हिंदी, प्रत्येकाची वेळ वेगळी. एका भाषेचे लोक बाहेर पडतात आणि दुसरीचे आत घुसतात, त्या दारातल्या रेटारेटीत विरार लोकलचा प्रवासी म्हणून मला अगदी घरच्यासारखं वाटलं.

बाहेर मेणबत्तीवाल्यांकडे मेणाचे हात, पाय, बाळ, घर असं सगळं मिळतं. ज्याचं दुखणं, त्याचा अवयव. मी पेन्शनसाठी काय घ्यावं, असं विचारलं. विकणाऱ्या बाईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "घर घ्या काका. घरात सगळं येतं."

खरी अडचण पुढे होती. तिथे लोक आपली विनंती पत्रात लिहून देतात, आभाराचीही पत्रं असतात, आणि त्यांतली काही नोव्हेनाच्या वेळी वाचून दाखवतात. मी आदल्या रात्री बसून पत्र तयार केलं होतं. आत्याने चष्मा लावून वाचलं.

'प्रति, नित्य साहाय्य माता, माहीम. विषय : रखडलेल्या निवृत्तिवेतनाबाबत. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की...'

शेवटी डाव्या कोपऱ्यात मी लिहिलं होतं : 'प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी, संत ज्यूड.'

"आईला महोदया म्हणतोस?" आत्या म्हणाली.

मी म्हटलं, मरिया काही स्वतः मंजुरी देत नाही. ती आपला अर्ज शिफारशीसह वर पाठवते, अशीच शिकवण आहे ना? मग हा योग्य मार्गानेच केलेला अर्ज झाला. आमच्या गावच्या फादरांनाही मी हे ऐकवलं. ते बराच वेळ हसले आणि म्हणाले, शिफारशीपर्यंत बरोबर आहे, पण तिथे फाइल टेबलावर राहत नाही. फादरांनी कचेरी पाहिलेली नाही, म्हणून मी वाद घातला नाही.

आत्याने मला नित्य साहाय्य मातेच्या चित्रासमोर नेलं. हे मूळ चित्र रोमला आहे. परंपरा सांगते की एका व्यापाऱ्याने ते क्रीट बेटावरून चोरून आणलं. पुढे 1866 मध्ये पोप नववे पायस यांनी ते रिडेम्प्टरिस्ट संघाच्या फादरांकडे सोपवलं. चोरीच्या मालापुढे निवृत्तिवेतन मागायचं, याची मला गंमत वाटत होती, पण आत्याचं बोट चित्रातल्या बाळाच्या पायाकडे होतं. देवदूत क्रूस आणि खिळे घेऊन आलेले दिसले, बाळ घाबरून आईकडे धावलं, आणि त्या धावपळीत पायातली एक चप्पल निसटून नुसती बंदावर लोंबते आहे.

"बघ. चप्पल सांभाळत बसला नाही," आत्या म्हणाली. "आणि तू विषय, संदर्भ लिहितोस."

पत्र पुन्हा लिहिलं. तीन ओळींचं झालं. कचेरीत इतकं थोडक्यात लिहिलं असतं तर मला मेमो मिळाला असता.

आत्याकडे याहून जड हत्यारंही आहेत. रोजरीची 54 दिवसांची एक नोव्हेना असते. तीन नोव्हेना मागण्याच्या, तीन आभाराच्या. म्हणजे 27 दिवस मागायचं आणि पुढचे 27 दिवस आभार मानायचे, काम झालेलं असो वा नसो. हे ऐकून मात्र माझ्यातला कारकून उठून उभा राहिला. माल हातात पडल्याशिवाय पोचपावतीवर सही करायची नाही, या एका तत्त्वावर मी बढत्या घेतल्या आहेत! वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींत, नावबदल आणि फ्लॅट विकणे यांच्या मधे, संत ज्यूडचे आभार मानणारी आद्याक्षरं असतात. ती माणसं काम झाल्यावरच पैसे भरत असावीत, अशी मी स्वतःची समजूत घातली आहे.

पेन्शनचं विचाराल, तर फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेली. आत्या याला चमत्कार म्हणते. माझ्या अनुभवाला स्मरून मी तिच्याशी सहमत आहे.

माझं अक्षर चांगलं. त्यामुळे मराठी नोव्हेनाच्या आधी बाकावर माझ्याकडे आता दुसऱ्यांची पत्रं येतात. परवा रत्नागिरीकडचे एक निवृत्त एसटी कंडक्टर बसले. मुलीचं लग्न जमत नव्हतं. आधी त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "नऊ आठवडे नॉनव्हेज बंद ठेवावं लागतं का हो?"

"सुरमई खा," आत्या पलीकडून म्हणाली, "फक्त पत्रात खरं लिहा. मुलीला विचारलंय का, तिला लग्न करायचंय?"

ते गप्प झाले. मग म्हणाले, विचारतो आणि पुढच्या बुधवारी सांगतो, पण आज खाडा नको, आज नुसती मुलगी सुखी राहो असं लिहा. मी पेन उघडलं. त्यांनी कागदाच्या वरच्या भागावर बोट ठेवलं.

"इथे विषय घाला. विषयाशिवाय अर्ज वाचतं का कोणी?"

मी आत्याकडे पाहिलं. तिच्या बोटांत माळ चालू होती.

"घाल," ती म्हणाली. "मरियेला आता सवय झाली असेल."