चिन्हांचे संकेतांक हुडकण्याची शास्त्रोक्त रीत

एचटीएमएलच्या दस्तऐवजात रुपयाचे चिन्ह उमटवावे अशी वासना ज्याच्या चित्तात उद्भवली असेल, त्याने प्रथम हे ध्यानी धरावे की त्या दफ्तरात चेहऱ्यास किंमत नाही, क्रमांकास आहे. यूटीएफ-८ची सनद जारी असलेल्या पानावर चिन्ह नुसते चिकटवले तरी उमटते, असे काही तरुण सांगतात व ते खरेही आहे. परंतु इतक्या सुलभतेने साधलेल्या कार्यात विद्वत्तेस वाव तो काय राहिला?

कॉपीराइट, युरो इत्यादी मातबर चिन्हांस नावे बहाल झालेली असल्याने त्यांचे काम नावानेच भागते. रुपयाच्या चिन्हास मात्र १५ जुलै २०१० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी लाभून त्याच वर्षी युनिकोडच्या ६.० आवृत्तीत दाखला मिळाला, तरी एचटीएमएलच्या नामावलीत त्याचे नाव अद्यापि चढलेले नाही. म्हणून जिज्ञासूने युनिकोडच्या चलनचिन्हांच्या तक्त्यात शिरून '२०बी९' ही नोंद हुडकावी आणि, ती षोडशमान पद्धतीची असल्यामुळे, दोनास ४०९६ने गुणून आलेल्या ८१९२मध्ये बी, म्हणजे अकरा, गुणिले सोळा, असे १७६ व वरचे नऊ मिळवावेत, म्हणजे ८३७७ हा दशमान संकेतांक हाती येतो. (मूळ नोंदीस इंग्रजी एक्स जोडला असता हा सारा हिशेब टळतो, पण ते गणिताशी बेइमानी करण्यासारखे आहे.) या अंकांपूर्वी अँपरसँड व हॅश आणि अखेरीस अर्धविराम, असा बंदोबस्त ठेवावा, अंक इंग्रजी वळणाचेच असावेत, देवनागरी अंकांची तेथे दाद लागत नाही.

अँपरसँडचा तोरा असा की तो स्वतः पानावर दिसावा म्हणूनही त्याच्यापुढे ए, एम, पी व अर्धविराम यांची वर्दी द्यावी लागते. आणि एखाद्या अतिदक्ष यंत्राने ती दोनदा दिली, तर वाचकास चिन्हाऐवजी वर्दीच वाचावी लागते.

सर्वांत बिकट शोध अदृश्य चिन्हाचा. अर्धा र जुन्या रीतीने साधताना हलन्तापाठोपाठ ८२०५ घालावा लागतो. तक्त्यात त्याच्या जागी तुटक रेषांची चौकट व आत तीन इंग्रजी अक्षरे एवढेच आढळते, आणि तो गळाल्यास पुरणपोळ्यांची मागणी आचाऱ्यांऐवजी आचार्यांकडे रवाना होते.