वीट, दही आणि ३३० वॅट

परवा एका स्थळाचा बायोडाटा हाती पडला. मुलगा लोणी काळभोरचा, उंची पाच फूट आठ इंच, दीड एकर बागायत, सोलापूर रस्त्याला लागून दोन गुंठे, आणि शेवटच्या ओळीत: ‘स्वतःचा कस्टम बिल्ट गेमिंग लॅपटॉप, कुठेही नेता येईल असा.’ मुलीकडच्यांनी दोन गुंठ्यांचा सातबारा कुणाच्या नावावर आहे तेवढं विचारलं. लॅपटॉपबद्दल चकार शब्द नाही. विचारायला हवं होतं. जमीन उद्या वाटणीत जाईल, रस्त्यात जाईल. लॅपटॉप कुठेही जाणार नाही. तो लग्नानंतर त्याच खोलीत राहणार आहे, आणि त्या खोलीत धड चालणारा प्लग पॉइंट एकच आहे.

चिरंजीवांनी हा घेतला २०२० मध्ये, कॉलेज मोबाइलवर भरायला लागलं तेव्हा. कारण सांगितलं इंजिनिअरिंगच्या सॉफ्टवेअरचं. ते सॉफ्टवेअर बंदुकीचा आवाज का काढतं, हे त्याच्या वडिलांनी, आप्पांनी, एकदा विचारून पाहिलं. ‘सिम्युलेशन आहे ते,’ असं उत्तर आलं. आप्पांनी पुढे विचारलं नाही, कारण हप्ते सुरू झाले होते.

तर, कुठेही नेता येईल असा. यंत्र चार किलोच्या घरात, आणि त्याच्या शेपटाला सव्वा किलोचा काळा ॲडॉप्टर. गेमिंगच्या पंथात त्याला ‘ब्रिक’ म्हणतात. आपण वीट म्हणू. या रस्त्याला विटेचं अप्रूप नाही, आषाढी वारीत तुकोबांची पालखी इथूनच पंढरीला जाते. पण तिथे भक्तानं वीट फेकली आणि देव तिच्यावर उभा राहिला. इथे वीट जागची हलत नाही, आणि पाच वर्षं भक्तच तिच्यापाशी बसून आहे.

कुणी म्हणेल, अहो, बॅटरी असते की. असते ना! ९९ वॅट-तासांची. शंभरची का नाही? कारण १०० वॅट-तासांपेक्षा मोठी बॅटरी विमान कंपनीच्या परवानगीशिवाय विमानात नेता येत नाही. म्हणजे यंत्र विमानाच्या नियमात बसवून शिवलंय, आणि चिरंजीवांचा आजवरचा सर्वांत लांबचा प्रवास हडपसरच्या मल्टिप्लेक्सपर्यंतचा. आता हिशेब करा. गेम रंगात आला की यंत्र अडीचशे वॅटपर्यंत ओढतं. ९९ भागिले अडीचशे, म्हणजे चोवीस मिनिटं. चोवीस मिनिटांत थेऊर फाट्याची गर्दी ओलांडून उरुळी कांचन गाठून दाखवा. बरं, ही चोवीस मिनिटंही कागदावरचीच. एवढा भार बॅटरीला एका दमात पेलवत नाही, म्हणून प्लग काढताक्षणी यंत्र आपला वेग आपणच पाडतं. ज्या ग्राफिक्स कार्डासाठी आप्पांनी सोसायटीतली ठेव मोडली, ते प्लग काढला की मान टाकतं.

पुढे ती बॅटरी फुगली, टचपॅड एका बाजूनं वर आलं, आणि चिरंजीवांनी बॅटरीच काढून ठेवली. तेव्हापासून घराची सगळी भिस्त विटेवर.

वीट ३३० वॅटची. म्हणजे छताचे चार जुने पंखे फिरून वर एखादी ट्यूब पेटावी एवढी. गुरुवारी लाइट गेली की घर इन्व्हर्टरवर येतं, आणि इन्व्हर्टर ओव्हरलोड म्हणून केकाटायला लागतो. मग ठराव होतो: आजीचा पंखा बंद. आजी पदरानं वारा घेत बसते आणि नातू कुठल्याशा बर्फाळ प्रदेशात शत्रूचा पाठलाग करतो. अडीचशे वॅटनं रोज सहा तास म्हटले तर महिन्याला पंचेचाळीस युनिट होतात. घराचा बाकीचा वापर आधीच तीनशे युनिटला पोचला असेल तर हे सगळे पंचेचाळीस वरच्या टप्प्याच्या चढ्या दरानं लागतात. आप्पांनी बिलावर लाल पेनानं तीनशेचा आकडा गोल करून ते फ्रिजवर चिकटवलं. चिरंजीवांनी फ्रिजच किती युनिट खातो ते मोजून दाखवलं.

पण घरातल्या विटेवर अन्याय नको. ती तापते, आणि तापलेल्या वस्तूचा उपयोग आजीला कुणी शिकवावा लागत नाही. डिसेंबरात दही लागत नव्हतं. आजीनं स्टीलचा डबा विरजण लावून, खाली चौघडी टॉवेल घालून विटेवर ठेवला. सकाळी सुरी लावून कापावं असं दही. तेव्हापासून घरात दह्याचं आणि गेमचं वेळापत्रक एकच झालं. चिरंजीव रँक वाढवायला रात्री दोनपर्यंत जागले की दही घट्ट, दहा वाजता झोपले की पातळ. एकदा परदेशातला सर्व्हर बंद पडला आणि लोणी काळभोरमध्ये ताक झालं. त्यावर आजीनं, ‘आज तुझी ती मारामारी नाही का रे बाळा?’ अशी जी काळजीनं चौकशी केली, तशी त्याच्या सेमिस्टरची कधी केली नव्हती. परीक्षेच्या दिवसांत आप्पांनी गेम बंद करायचं फर्मान काढलं, तर आजी मध्ये पडली, ‘श्रीखंड करायचंय, पाडव्यापर्यंत खेळू दे.’ शेजारच्या काकू विरजण न्यायला यायच्या, त्या आता डबाच घेऊन यायला लागल्या. विटेवर दोन डबे मावत नाहीत, त्यावरून दोन दिवस अबोला झाला. पालखीच्या दिवसांत घरी उतरलेल्या एका माउलींनी भिजलेलं उपरणं अलगद विटेवर पसरलं आणि शेजारी मांडी घालून हरिपाठ सुरू केला. चिरंजीवांची फायनल मॅच चालू होती. माउलींना ‘उपरणं काढा’ म्हणायची आमच्या भागात कुणाची छाती नाही. चिरंजीवांनी मॅच सोडली. एवढी एकच सेवा त्या यंत्राच्या हातून झाली असावी.

धुळीचं थोडक्यात सांगतो. सोलापूर रस्त्यावर ट्रक, टँकर आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्या. यंत्राचे दोन पंखे ही धूळ प्रामाणिकपणे आत ओढतात. ती झाडायला चिरंजीव पंक्चरवाल्याकडे गेले. ट्रकच्या चाकात हवा भरणाऱ्या नळीनं त्यानं एक झोत मारला. धूळ गेली, पंख्याचं बेअरिंगही गेलं. आता यंत्र चालू केलं की पलीकडच्या गल्लीतली माणसं दळणाचा डबा घेऊन बाहेर येतात.

आणि मग वीट गेली. आवाज नाही, धूर नाही. सकाळी डब्यात दूध दुधासारखंच होतं, तेव्हा कळलं.

इथून पुढे हसण्यासारखं काही नाही. ज्यांनी यंत्र ‘खास तुमच्यासाठी’ बांधून दिलं होतं, त्यांना फोन केला. ते म्हणाले, ‘सर, ते मॉडेल बंद झालं. पाच वर्षं झाली ना. नवीन घ्या, एक्स्चेंजमध्ये बसवून देऊ.’ पाच वर्षं! आमच्याकडे पाच वर्षांच्या म्हशीला कुणी म्हातारी म्हणत नाही. मग मला घेऊन चिरंजीव पुण्यात तपकीर गल्लीत गेले. पासोड्या विठोबाच्या आसपास जगातली कुठलीही वायर मिळते अशी माझी श्रद्धा होती. दुकानदारानं जुनी वीट उलटून पाहिली, मग पिन उजेडात धरली.

‘दादा, ही पिन येत नाही.’

‘व्होल्ट तर साडेएकोणीसच आहेत ना? समोर दहा लटकलेत तसले.’

‘व्होल्ट तेच हो. पिन ती नाही. ह्याच्यासारखी आहे, पण ही नाही.’

‘मग काहीच नाही?’

‘१८० वॅटचा बसंल. चालंल. गॅरंटी नाही.’

साडेएकोणीस व्होल्ट. हे असले शेकडो लॅपटॉप साडेएकोणीस किंवा वीस व्होल्टवर चालतात. वीज तीच, तांबं तेच. फक्त टोकाचं भोक प्रत्येकानं वेगळं पाडून ठेवलंय: कुणाचं गोल, कुणाचं चौकोनी, कुणाच्या मधोमध सुई, आणि त्या सुईतून यंत्र आधी विटेची ओळखपरेड घेतं, वीट आपल्या कुळातली नसेल तर रांगायला लागतं. ही अभियांत्रिकीची गरज आहे, असं मला कुणी सांगू नये. ही गिऱ्हाईक बांधून ठेवायची दावण आहे. युरोपात कायदा झाला, २८ डिसेंबर २०२४ पासून मोबाइलला आणि २८ एप्रिल २०२६ पासून लॅपटॉपला एकच टाइप-सीचं भोक. वाचून आनंद झाला. मग बारीक अक्षरं वाचली, तर टाइप-सीलाही वॅटची मर्यादा. टाइप-सीतून २४० वॅट नेता येतील असं मानक २०२१ मध्येच आलंय. पण ३३०वाल्यांनी आपापली भोकं सांभाळावीत. आपल्याकडेही २०२२ च्या जुलैत दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती बसली, डिसेंबरात पोर्टल निघालं. ते पोर्टल उघडायला चालू लॅपटॉप लागतो.

आणि ‘कस्टम’ म्हणजे नक्की काय बांधून दिलं होतं, तेही एकदा बघू. सांगाडा तयार, परदेशी कारखान्यातून आलेला. तसाच आणखी हजारो जणांकडे. प्रोसेसर आणि ग्राफिक्सची चिप मदरबोर्डला डाक लावून कायमची चिकटवलेली. पूर्वी एमएक्सएम नावाची सोय होती, स्क्रू काढून ग्राफिक्सचं कार्ड बदलता यायचं. ती बाजारातून जवळपास नाहीशी केली. गिऱ्हाइकाच्या मर्जीला उरलं काय? रॅम किती, डिस्क किती, कीबोर्डखालचे दिवे कुठल्या रंगाचे, आणि झाकणावर नाव. चिरंजीवांनी झाकणावर नाव कोरून घेतलंय, त्यामुळे आता तो विकताही येत नाही. आप्पांचा ट्रॅक्टर तीस वर्षांचा आहे. त्याचा क्लच, त्याचा गॅस्केट, त्याचा सायलेन्सर सोलापूर रस्त्यावर कुठल्याही दुकानात उभ्या उभ्या मिळतो. तो कुणी आमच्या मापानं बांधून दिला नव्हता, हेच बहुधा त्याचं भाग्य.

शेवटी १८० वॅटची वीट आणली. तिच्यावर एक्सेल चालतं, बायोडाटा टाइप होतो. गेम सुरू केला की पडदा काळा. नव्या विटेला ऊब नाही. दही गेले दोन महिने डेअरीचं येतंय, आणि नातवाला नोकरी लागत नसल्याची जी काळजी आजीला इतकी वर्षं नव्हती, ती आता वाटायला लागलीय.

तेव्हा वाचकहो, कुणाच्या माळ्यावर ३३० वॅटची, साडेएकोणीस व्होल्टची, मध्ये सुई असलेल्या गोल पिनची जुनी वीट पडून असेल तर भंगारात घालू नका. कवडीपाटच्या पुढे लोणी काळभोर, स्टेशनकडून आत. किंमत बोलून ठरवू, आणि मुलीकडच्यांना यातलं काही सांगू नका.